आम्ही खोडलेली ओळ

हळदीच्या पेटंटची गोष्ट मी औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरून आणण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी आव्हान दिलं, ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मुलं टाळ्या वाजवायची. मलाही ती गोष्ट सांगताना स्फुरण चढायचं. त्यातला एक बारकावा मात्र मी घाईनं ओलांडून जायची. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात परदेशात नुसतं तोंडातोंडी चालत आलेलं ज्ञान जमेस धरत नसत. कागदावर छापलेलं काहीतरी लागे. घरोघर कापल्याजागी दाबलेली चिमूटभर हळद तिथे साक्षीला उभी राहू शकली नाही. उभे राहिले ते जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला एक लेख.

ही गोष्ट इतक्या तावातावानं सांगणाऱ्या बाईनंच पुढे एका म्हातारीचं औषध स्वतःच्या नावानं पेटंट कार्यालयात दाखल केलं. ते कसं घडलं, ते लिहिते आहे.

गावाचं नाव लिहिणार नाही. आजीचंही नाही, आणि तिच्या औषधात जी दुसरी वनस्पती पडायची तिचंही नाही. पहिली भुईआवळी. ती सांगायला हरकत नाही. काविळीला भुईआवळी, हे महाराष्ट्रात कुणीही सांगेल. मोखाड्याच्या बाजूचं गाव. माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी त्याच भागातली होती आणि आजी तिच्या आईची आत्या. आम्हाला त्या घराचं दार उघडलं ते या नात्यामुळे. माझ्या संशोधनाच्या प्रस्तावात हे नातं कुठेच नव्हतं. तिथे ‘क्षेत्रीय सर्वेक्षण’ असा शब्द होता.

आजी रविवारी आणि बुधवारी औषध द्यायची, अनशापोटी, ताकातून. पैसे घ्यायची नाही. देवापुढे नारळ ठेवायचा, एवढंच. पथ्य कडक. औषधात काय आहे ते सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, हा तिच्या सासूपासून चालत आलेला नेम. आम्ही शिकलेली माणसं अशा नेमाला हसतो. पण पेटंटचा कायदाही हेच सांगतो: अर्ज करण्याआधी चारचौघांत बोललात की नावीन्य गेलं. फरक एवढाच की आजीच्या नेमाला मुदत नव्हती.

आणखी एक गोष्ट मी सुरुवातीला नोंदवहीत उतरवून घेतली आणि मग विसरून गेले. पोटात पाणी झालेला, उलटीतून रक्त पडणारा किंवा असंबद्ध बडबडणारा रोगी आला तर आजी औषध देत नसे. “हे माझ्या हातचं नाय, दवाखान्यात न्या,” म्हणून परत पाठवायची. यकृत निकामी होत असल्याची जी लक्षणं आम्ही पुस्तकातून शिकवतो, तीच ही. उपचार करणाऱ्याला आपली हद्द कुठे संपते हे कळणं किती दुर्मीळ आहे, ते मला माझीच हद्द ओलांडून झाल्यावर उमगलं.

पहिली चूक साधी, आणि आमच्या क्षेत्रात इतकी सर्रास होणारी की तिला कुणी चूकही म्हणत नाही. प्रयोगाला भुईआवळी लागायची पोत्यानं. आम्ही ती शहरातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणली, सुकलेली, पेंड्या बांधलेली. शोधनिबंधात वनस्पतीची ओळख पटवलेली असावी लागते. त्यासाठी आम्ही महाविद्यालयाच्या आवारात उगवलेलं एक रोप उपटलं, दाबून, वाळवून, कागदावर डकवून तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी त्याची ओळख सांगितली, नमुना क्रमांक दिला. तो क्रमांक मी पोत्यातल्या मालाला लावला. नमुना एका झाडाचा, प्रयोग दुसऱ्याच झाडांवर. आणि खाली माझी सही.

मग पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे. दळलेली भुकटी सॉक्सलेटमध्ये घालून मिथेनॉलबरोबर तासन्‌तास उकळली. उंदरांना आधी काही दिवस तो अर्क पाजला, मग कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृताला इजा केली आणि रक्तातली एसजीपीटी, एसजीओटी ही यकृताच्या इजेची मापं मोजली. या पद्धतीत औषध आधी आणि विष नंतर असतं. त्यातून फार तर बचाव कळतो, आजार बरा होतो की नाही ते कळत नाही. शिवाय आजीकडे येणाऱ्यांची कावीळ बहुतेक विषाणूची, रसायनाची नव्हे. भारतात यकृतरक्षक वनस्पतींवर याच साच्यातून निघालेले निबंध ढिगानं आहेत. त्यात आमच्या एकाची भर पडली असती, पण अर्कानं काहीच केलं नाही. अर्कातली द्रव्यं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या एचपीटीएलसीच्या पट्टीवर भुईआवळीतल्या फायलँथिन या द्रव्याची रेघही उमटली नाही. मी अहवालात लिहिलं की पारंपरिक दाव्याला पुष्टी मिळत नाही. एका ओळीत म्हातारीला खोटं पाडून मी मोकळी झाले.

त्या पोत्यातली मूठभर भुईआवळी माझ्या विद्यार्थिनीनं सुट्टीत घरी जाताना बरोबर नेली. मला न विचारता. आजीनं एक काडी तोंडात टाकली, चावली आणि थुंकली. “हिला चवच नाय. ही नाय ती.”

भुईआवळी म्हणून आपल्याकडे जे उपटलं जातं त्यात फायलँथस वंशाच्या निदान तीन जाती असतात: अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस. तिन्ही वीतभर उंच, तिन्हींच्या पानांखाली मोहरीसारखी फळं, तिन्ही पावसाळ्यात बांधावर एकमेकींत मिसळून उगवणाऱ्या. जुन्या निबंधांत सगळ्यांवर ‘निरुरी’ असा एकच शिक्का मारलेला सापडतो आणि खरी निरुरी तर अमेरिका खंडातली. फुलं भिंगाखाली धरली तर अमारसला पाच दलं दिसतात, फ्रॅटर्नसला सहा. फायलँथिन आणि हायपोफायलँथिन ही लिग्नॅन वर्गातली द्रव्यं अमारसमध्ये भरपूर, फ्रॅटर्नसमध्ये जवळपास नाहीतच. आणि फायलँथिन कडू असतं. आम्ही जे कळायला लाखो रुपयांचं यंत्र चालवत होतो, ते आजी जिभेवर तपासत होती, तेही औषध देण्याआधी दर वेळी. पहिल्या भेटीत तिला पानं चावताना मी पाहिलं होतं. मला वाटलं, काहीतरी विधी असावा.

ही गफलत एकट्या आमची नाही. बरूच ब्लुम्बर्ग यांना हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या शोधासाठी १९७६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी पुढे याच वनस्पतीवर काम केलं आणि १९८०च्या दशकात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत तिच्या अर्कावर पेटंटही मिळालं. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन यांच्या गटाचा ‘लॅन्सेट’मधला निबंध गाजला. हिपॅटायटिस बीचे वाहक असलेल्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळीची भुकटी दिली. त्यातल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठ-प्रतिजन नाहीसं झालं. नुसती साखर दिलेल्यांपैकी २३ मध्ये एकाचं. नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. वनस्पती तीच होती का, त्याच मातीतली, त्याच हंगामातली होती का, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. मी हे सगळं वाचलेलं होतं. वर्गात शिकवलेलंही होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही शेतावर बसून भिंगातून फुलं मोजत भुईआवळी वेचली. या वेळी पट्टीवर रेघ उमटली आणि उंदरांचे आकडेही सुधारले. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. आधी आजी खोटी होती, आता तिचा शब्द शास्त्र झाला. तिच्याकडे आलेल्यांपैकी जवळजवळ सगळे बरे होतात, हे मी एका चर्चासत्रात कौतुकानं सांगितलं. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका वयस्क डॉक्टरांनी शांतपणे विचारलं की हिपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळ झालेले बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआपच बरे होतात, तर बाईंचा तुलनागट कोणता? माझ्याकडे तुलनागट नव्हता. आजीचं औषध विषाणूच्या काविळीवर काम करतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. म्हणजे ज्या औषधाचा गुणच आम्ही सिद्ध केला नव्हता, त्याची मालकी मागायला आम्ही निघालो होतो.

२०१० नंतरची महाविद्यालयं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे विचित्र वाटणार नाही. प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे गुण लागू झाले होते. पेटंटला गुण होते, आणि संस्थेच्या मूल्यांकनातही पेटंटचा रकाना होता. आमच्याकडे ‘आयपीआर सेल’, म्हणजे बौद्धिक संपदा कक्ष, स्थापन झाला, त्याची मी प्रमुख. सेलच्या उद्घाटनाला मी काय सांगितलं असेल? हळदीची गोष्ट.

आता पेटंट घ्यायचं कशावर? नुसत्या भुईआवळीवर मिळणार नाही हे मलाही कळत होतं. पेटंट कायद्याचं कलम ३(पी) परंपरेनं माहीत असलेलं ज्ञान, किंवा परंपरेनं माहीत असलेल्या घटकांच्या ठाऊक गुणधर्मांची नुसती गोळाबेरीज, शोध मानत नाही. काहीतरी ‘नवं’ हवं होतं. नवं म्हणजे आजीच्या ताकात पडणारी दुसरी वनस्पती. ती ग्रंथांत आहे, पण वेगळ्याच तक्रारींसाठी. काविळीशी तिचं नाव कुठे जोडलेलं मला सापडलं नाही. आजीनं ती आम्हाला कधीच सांगितली नव्हती. तिनं ती माझ्या विद्यार्थिनीला सांगितली, घरातली पोर म्हणून, एका संध्याकाळी, आपल्यानंतर कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून. मुलीनं मला सांगितलं ते मार्गदर्शक म्हणून. या साखळीत प्रत्येकीनं विश्वासानं पुढे दिलं. माझ्यापाशी आल्यावर ते अर्जात गेलं.

संमतीपत्र होतं. असायलाच हवं, आचारसमितीला लागतं. ते दोन पानांचं होतं, इंग्रजीत, आणि त्यात पेटंट हा शब्द नव्हता. आजीचा अंगठा मी ते संशोधन सुरू झाल्यावर बऱ्याच काळानं घेतला. शाई बोटाला राहील म्हणून तिनं तो लुगड्याला पुसला आणि चहा टाकला.

अर्ज २०१३ मध्ये तयार झाला. मसुदा एका पेटंट एजंटनं केला. पहिल्या नमुन्यात, म्हणजे फॉर्म १ मध्ये, छापील प्रतिज्ञा असतात. ज्या लागू नाहीत त्या खोडायच्या. त्यातली एक अशी की या शोधात भारतातली जैविक सामग्री वापरली आहे आणि सक्षम प्राधिकरणाची आवश्यक परवानगी पेटंट मिळण्याआधी सादर करू. या ओळीमागे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्याच्या कलम ६ नुसार भारतातल्या जैविक संसाधनांवर किंवा त्यांच्याविषयीच्या माहितीवर आधारलेल्या शोधासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता तेव्हा लागे. पेटंटच्या बाबतीत ती अर्जानंतर, पण पेटंट हाती पडण्याआधी घेतली तरी चालायचं. मान्यता मागितली की सामग्री कुठून आणली, माहिती कुणाकडून घेतली, लाभातला वाटा कुणाला, हे सगळे प्रश्न येत.

आमच्या अर्जात ती ओळ खोडलेली आहे. एजंटचा युक्तिवाद असा की अर्क म्हणजे मूल्यवर्धित उत्पादन, आणि कायद्याच्या व्याख्येत मूल्यवर्धित उत्पादनं जैविक संसाधनात मोडत नाहीत. व्याख्या खरीच तशी आहे. पण तो अपवाद कशासाठी ठेवला, आणि आम्ही रोपं मुळासकट उपटून आणली होती हे मला ठाऊक होतं. युक्तिवाद मला पटला, कारण तो पटणं माझ्या सोयीचं होतं. खोडलेल्या ओळीच्या बाजूला माझी आद्याक्षरं आहेत. एजंटला मी दोष देत नाही, त्यानं विचारलं होतं, “मॅडम, ठेवू की काढू?”

संशोधक म्हणून तीन नावं गेली: माझं, एका सहकाऱ्याचं आणि विद्यार्थिनीचं. तिनं दारात उभ्या उभ्या विचारलं होतं की आजीचं नाव कुठे घालायचं. मी तिला समजावलं की कायद्याच्या भाषेत संशोधक म्हणजे ज्याच्या बुद्धीतून शोध निघाला तो, आजी माहितगार. निबंधाच्या ऋणनिर्देशात ‘स्थानिक माहितगारांचे आभार’ असं आलं, अनेकवचनात आणि बिननावी. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून अल्कलॉइडं वेगळी केली. तेव्हा त्यांनी त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ नाव दिलं. ऐंशी वर्षांनंतर माझ्याकडे त्याहून चांगली रीत असायला हवी होती.

यानंतरची चूक सगळ्यात मोठी. तेव्हा ती चूक आहे हे माझ्या मनातही आलं नाही. पेटंटचा अर्ज दाखल झाला की सर्वसाधारणपणे १८ महिने गुप्त राहतो, मग पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. त्या मुदतीच्या तीन महिने आधीपर्यंत अर्ज मागे घेतला तर तो प्रसिद्ध होत नाही. म्हणजे चुकलेल्या माणसाला कायदा सव्वा वर्षाची सवड देतो. आमच्याकडे मूल्यांकन समिती येणार होती आणि रकान्यात ‘प्रकाशित’ पेटंट दाखवायचं होतं. त्यासाठी फॉर्म ९ असतो: जादा फी भरा, अर्ज लवकर प्रसिद्ध करा. आम्ही फी भरली. एका शुक्रवारी अर्ज जर्नलमध्ये आला. दोन्ही वनस्पतींची नावं, प्रमाण, ताक, अनशापोटी, आणि ‘साहित्य व पद्धती’मध्ये गोळा केलेल्या जागेचं नाव, तालुक्यासकट. महाविद्यालयात पेढे वाटले. प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या फलकावर आमचा फोटो लागला. पेटंट मिळालं आहे असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

तपासणीचा पहिला अहवाल यायला २०१८ उजाडलं. मी तो आधी चाळला, मग दार लावून पुन्हा वाचला. पहिली हरकत कलम ३(पी) ची: भुईआवळी यकृतविकारांवर परंपरेनं ज्ञात आहे, सोबत ग्रंथांचे हवाले. दुसरी ३(ई) ची: नुसतं मिश्रण, घटकांच्या बेरजेपलीकडे काही साधल्याचा पुरावा नाही. तिसरी अपेक्षितच: वर्णनात वनस्पती अमुक तालुक्यातून आणल्याचं लिहिता, मग फॉर्म १ मधली ती प्रतिज्ञा खोडलेली कशी? प्राधिकरणाची मान्यता सादर करा.

मी अडकले ते या हरकतींमध्ये जे नव्हतं त्यापाशी. दुसऱ्या वनस्पतीबद्दल तपासनिसांना काहीच सापडलं नव्हतं. सापडणार कुठून? हळद आणि कडुनिंबाच्या प्रकरणांनंतर २००१ मध्ये सरकारनं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले लाखो योग तिथे परकी भाषांत उतरवून जगातल्या पेटंट कार्यालयांपुढे ठेवले. त्यानं कितीतरी अर्ज अडले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ते ग्रंथांचं ग्रंथालय आहे. मोखाड्याच्या आजीचा ग्रंथ नव्हता. त्यामुळे आमच्या अर्जातलं जे पुस्तकातलं होतं ते कायद्यानं बरोबर ओळखलं आणि बाजूला काढलं. जे उरलं, ज्याला ‘नवं’ म्हणता येत होतं, ज्याच्या जोरावर एजंट म्हणत होता की उत्तर देऊ, दावे आवळू, पेटंट निघेल, ते सगळं आजीचं होतं. तिच्याकडचं जितकं कमी लोकांना माहीत, तितका आमचा दावा भक्कम.

पेटंट कायद्यात याची जाणीव नाही असं नाही. कलम २५ मध्ये विरोधाची कारणं दिली आहेत. त्यातलं एक असं की शोध एखाद्या स्थानिक समाजाला आधीच ठाऊक होता, तोंडी असला तरी. पेटंट मिळण्याआधी असा विरोध कुणीही करू शकतं. आजीनं फक्त दर शुक्रवारचं जर्नल वाचायला हवं होतं.

त्या वर्षी मी गावात गेले आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. विद्यार्थिनी बरोबर होती. तिनं तिच्या बोलीत पुन्हा सांगितलं. पेटंट म्हणजे काय ते आजीला दोन वाक्यांत कळलं. तिनं रॉयल्टी विचारली नाही, तिचं नाव विचारलं नाही. म्हणाली, “उद्या माझ्या सुनंनं दिलं औषध, तर कुणी अडवील का तिला?”

मी म्हटलं, नाही अडवणार. ती म्हणाली, “कायद्यात काय हाये ते सांग.” कायद्यात असं होतं की पेटंट मिळालं असतं तर पेटंटधारकाला, म्हणजे आम्हाला, इतरांना ते बनवण्यापासून रोखण्याचा हक्क मिळाला असता. सुनेला आपला बचाव करायचा तर आमचं पेटंटच चुकीचं आहे असं सिद्ध करावं लागलं असतं. मी हे तसंच सांगितलं. आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग माझ्या विद्यार्थिनीकडे. त्या मुलीला त्या घरातून नंतर किती दिवस बोलावणं आलं नाही, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परतल्यावर मी केरळच्या कानी लोकांचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. वर्गात मी त्याचं एक वाक्य सांगायची. १९८७ मध्ये अगस्त्यमलईच्या जंगलात शास्त्रज्ञांच्या तुकडीबरोबर चालणारे कानी वाटाडे एक फळ खात होते आणि दमत नव्हते. ते आरोग्यपच्चा. त्यापासून पालोडच्या संशोधन संस्थेनं ‘जीवनी’ हे औषध तयार केलं. १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या एका औषध कंपनीला परवाना दिला, दहा लाख रुपये आणि दोन टक्के रॉयल्टी, त्यातला निम्मा वाटा कानींचा. तो घ्यायला १९९७ मध्ये त्यांचा न्यास नोंदवला गेला. त्यातही कटकटी झाल्या: आम्हाला कुणी विचारलं होतं, असं काही कानींनीच विचारलं, आणि जंगलातून वनस्पती काढण्यावरून वन खात्याशी वाजलं. तरी तिथे वाटा आधी ठरवला गेला. आमच्याकडे मी वाट्याचा विचार पहिल्यांदा केला तो तपासनिसांनी हरकत काढल्यावर. त्याला विचार म्हणायचा की धावपळ, ते वाचकांनी ठरवावं.

अहवालाला उत्तर द्यायची मुदत सहा महिन्यांची. मी उत्तर दिलं नाही. सहकारी चिडला, त्याचे गुण होते. मुदत संपली आणि अर्ज सोडून दिलेला मानला गेला. मला वाटलं, निस्तरलं. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीनं माझा तो समज एका वाक्यात काढून टाकला: पेटंट मिळालं नाही म्हणजे मालकी तुमचीही नाही आणि तिचीही नाही, आणि मजकूर मात्र सगळ्यांचा. फॉर्म ९ भरून प्रसिद्ध केलेला अर्ज परत गुप्त होत नाही. तो संकेतस्थळावर आहे, कुणीही उघडावा. पुढे कुणाला त्यावर पेटंट घेता येणार नाही हे खरं; नावीन्य आम्हीच घालवलं. पण कुणी तो वाचून औषध बनवायचं ठरवलं तर आजीचं नाव त्याच्यापुढे येणारच नाही, कारण ते कुठेच नाही. तालुक्याचं मात्र आहे.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात त्या भागात मुळ्या विकत घेणारे लोक आले. नेमकी त्या दुसऱ्या वनस्पतीचीच मुळी मागत होते, किलोवर भाव देत होते. पोरांनी माळ उकरला. ते आमच्या अर्जामुळेच आले असं मी सिद्ध करू शकत नाही. विद्यार्थिनीनं मला फोन करून एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

तिचा प्रबंध मात्र नीट झाला. तिनं दुसऱ्या वनस्पतीचं प्रकरण त्यातून काढून टाकलं. मी नको म्हणत होते, कारण तेवढंच ‘नवं’ होतं. तिनं भुईआवळीच्या जाती ओळखण्यावरच प्रबंध लिहिला: बाजारातले नमुने, बांधावरचे नमुने, फुलं, पट्ट्या. माझ्या हाताखाली झालेलं सगळ्यात प्रामाणिक काम ते आहे.

गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत हे ज्ञान आजीच्या नावानं नोंदवून घ्यावं असं मी सुचवून पाहिलं. सुनेनं विचारलं, ती वही कोण वाचतं? मी म्हटलं, समिती, मंडळ, मागितली तर आणखी कुणी. “मंग नको,” ती म्हणाली. औषध आता तीच देते. पानं चावूनच घेते. दुसरी मुळी कुठून आणते ते घरातही सांगत नाही.

निवृत्त होण्याआधी मी महाविद्यालयाला पत्र दिलं की आमचा तो अर्ज संस्थेच्या अहवालातल्या पेटंटच्या यादीतून काढावा, तो सोडून दिलेला आहे आणि त्यातलं ज्ञान आमचं नव्हतं. महिनाभरानं लेखी उत्तर आलं. सदर रकाना प्रकाशित अर्जांचा आहे, सदर अर्ज प्रकाशित झालेला आहे, सबब नोंद कायम ठेवण्यात येत आहे. उत्तरात चूक काही नव्हती. आयपीआर सेलच्या कामाची ती पद्धत मीच लिहून दिली होती.